साबळेबाईंचा दोरा

बँकेच्या स्मरणिकेसाठी साबळेबाईंवर चार चांगले शब्द लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. नाही म्हणालो असतो तर लोक म्हणाले असते, पोखरकरला अजून खुपतंय. खुपतंय हे खरंच आहे, पण ते लोकांनी म्हणू नये एवढी माझी इच्छा आहे. चार चांगले शब्द माझ्याकडे आहेत. फक्त ते लिहिताना मी दातओठ खातो, तेवढं वाचणाऱ्यांनी चालवून घ्यावं.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते नारायणगावला, नव्वदच्या दशकात. एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. मशीनला धूळ सोसत नाही म्हणून चपला जिन्यातच काढायला लागत. आम्हा सगळ्यांच्या स्लिपर एकाच बाजारातल्या, त्यामुळे क्लास सुटला की जिन्यात रणधुमाळी. मी एकदा एक पाय काळा आणि एक पाय निळा असा मंचरच्या एसटीत चढलो होतो. त्या गर्दीत एक बुटकी, ठसठशीत बाई मात्र सरळ यायची, ढिगात पाय घालायची आणि निघून जायची. मी नीट बघितलं, तेव्हा तिच्या स्लिपरच्या पट्ट्याला निळा दोरा बांधलेला दिसला. एवढीशी गोष्ट. पण ती बघून मला जे वाटलं ते चांगलं आठवतं. हे मला का सुचलं नाही? पुढे कितीतरी वर्षं बाईंच्या बाबतीत मी स्वतःला हाच एक प्रश्न विचारत आलो.

बाईंचं माहेर कळंबचं आणि सासर ओतूरचं. नवरा शाळेत शिक्षक. बाई इंजिनियर, तेही चांगल्या मार्कांनी. पण बोलणं कळंबच्या शिवारातलं होतं आणि तसंच राहिलं. मी पुण्यात शिकताना 'व्हतं' आणि 'न्हाई' घासून घासून काढून टाकलं होतं. बाई संचालकांच्या सभेतही "ते तसं नसतंय राव" म्हणत, आणि संचालक माना डोलावत. मी शुद्ध बोलायचो तेव्हा तेच संचालक घड्याळ बघायचे.

बाईंच्या पर्समध्ये गोळ्यांची एक रिकामी डबी असे. तिच्यात सुई आणि दोऱ्याची रिळं. बसल्याजागी कशाला ना कशाला दोरा बांधायचं त्यांचं चाले: डब्याच्या कडीला, छत्रीच्या मुठीला, केबलच्या टोकाला. आणि जिथे दोरा बांधता येत नाही तिथे त्या तोंडाने बांधत. म्हणजे असं, की डब्यातल्या भाजीचं कुणी कौतुक केलं तर लगेच, "ही रीत माझी न्हाई, लोणीच्या मावशीची." एखादी युक्ती सांगितली तर, "हे मला क्लासच्या सरांनी शिकवलं व्हतं." विनोद सांगितला तरी तो कुणाचा ते आधी. त्यांचं एक पालुपद होतं: "आलं कुठनं ते आधी सांगा, जायचं कुठं ते मग बघू." ते इतक्या वेळा ऐकलं की मला झोपेत ऐकू यायचं.

ही सवय त्यांना लागली ती एका साडीमुळे. तो किस्सा त्यांनी मला क्लासच्या दिवसांतच डबा खाताना सांगितला, आणि तेव्हा मी ठसका लागेपर्यंत हसलो. पुढे तोच किस्सा माझ्या मुळावर येणार आहे हे माहीत असतं तर हसलो नसतो.

बाईंच्या घरात साटंलोटं झालं होतं. म्हणजे कळंबची ही मुलगी ओतूरला दिली आणि ओतूरची तिची नणंद कळंबला तिच्या भावाला केली. दोन्ही घरांत कार्यं पुष्कळ आणि आहेर पुष्कळ. टॉवेल, टोपी, ब्लाउज पीस, साड्या. आपल्याकडे आहेर कुणी वापरत नाही. तो ट्रंकेत जातो आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याला दिला जातो. त्यात गैर काही नाही, सगळेच करतात. फक्त ज्याने दिला त्यालाच परत देऊ नये, एवढं एकच पथ्य. घरात येण्याजाण्याचं दार एकच असेल तर ते लक्षात राहतं. इथे दारं दोन झाली. बाईंच्या आईने मोरपंखी काठाची साडी बाईंच्या हातून ओतूरला विहिणीला पाठवली. ती तिथल्या ट्रंकेत गेली. विहिणीने पुढे लेकीला काही कपडे दिले, त्यात ती आली कळंबला. आणि कळंबच्या बारशात नणंदेने ओतूरकरांच्या वतीने सासूला, म्हणजे बाईंच्या आईलाच, आहेर केला तो त्याच साडीचा.

"लाऊडस्पीकरवर पुकारलं ना वो," बाई सांगत होत्या. "ओतूरकरांकडून विहीणबाईंना साडी! आईनं घडी उलगडली अन् जी ओरडली, अगं बया, ही तर माझीच! आईला वाटलं, मुद्दाम माझीच माझ्या तोंडावर मारली. ओतूरवाल्यांना वाटलं, चारचौघांत आमची लाज काढली. जेवणं तशीच राहिली. मी मधी. इकडची लेक अन् तिकडची सून."

त्या दिवसापासून बाईंनी दोन्ही घरांच्या ट्रंका स्वतःच्या ताब्यात घेतल्या. कळंबकडून आलेल्या प्रत्येक कापडाच्या कोपऱ्याला निळा दोरा, ओतूरकडून आलेल्याला पिवळा. निळं पुन्हा कळंबला द्यायचं नाही, पिवळं ओतूरला द्यायचं नाही. मग ते कोणत्या दाराने आणि किती हातांतून फिरून आलेलं असो. बाजारातून स्वतः घेतलेल्याला दोरा नाही. कापड ओळखायची गरज नाही, कोपरा बघायचा की झालं.

आता खुर्चीकडे येतो. हा लेख खरं तर खुर्चीचाच आहे.

मी मंचरच्या बँकेत नेटवर्कचं काम बघत होतो आणि बाई जुन्नरकडच्या बँकेत. दोन हजारनंतर काही वर्षांनी दोन्ही बँका एक झाल्या. दोन बँकांचे दोन नेटवर्कवाले, आणि एक झालेल्या विभागाची प्रमुखाची खुर्ची एक. फिरती, मंचरच्या कचेरीत, खिडकीपाशी. मोठ्या साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर टर्किश टॉवेल टाकलेला असतो ना, तसा टॉवेल त्या खुर्चीवर टाकून मी बसलोय, असं मी मनात कैकदा बघितलं होतं. आमचे सरव्यवस्थापक काळेसाहेब म्हणजे सरळ माणूस. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "रविवारी दोन्ही नेटवर्क जोडायची. सोमवारी सगळ्या शाखा सुरळीत चालल्या पाहिजेत. ज्याच्या पद्धतीने चालतील, तो विभाग सांभाळेल."

इथे थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर मी का हरलो ते कळायचं नाही. प्रत्येक शाखेत राउटर नावाची एक पेटी असते. कोणती शाखा कोणत्या वाटेने गाठायची, हे तिला ठाऊक असावं लागतं. पेट्या ही माहिती आपसात एकमेकींना सांगत असतात: ओतूरला जायचं तर माझ्याकडून या, घोडेगावला जायचं तर तिकडून जा. सांगायच्या पद्धती वेगवेगळ्या. आमच्या आंबेगावकडच्या, म्हणजे मंचरच्या बँकेच्या, पेट्या एका पद्धतीने बोलत, जुन्नरकडच्या दुसऱ्या आणि जुन्या पद्धतीने. एकमेकींचं त्यांना कळत नसे. म्हणून सीमेवर दोन ठिकाणी दुभाषी पेट्या बसवल्या, एक कळंबला आणि एक घोडेगावला. एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून दोन. त्यांनी जुन्नरकडच्या बातम्या आंबेगावात सांगायच्या आणि आंबेगावच्या जुन्नरकडे.

रविवारी सकाळी जोडणी केली आणि तासाभरात ओतूर हरवलं. पडद्यावर शाखा दिसत होती, पण कामकाज तिथे पोहोचत नव्हतं. शोधता शोधता उलगडा झाला. ओतूरची वाट जुन्नरकडून कळंबच्या पेटीने ऐकली आणि आंबेगावात सांगितली. ती फिरत घोडेगावच्या पेटीपर्यंत गेली. आमच्या पद्धतीची बातमी पेट्यांना अधिक खात्रीची वाटते, म्हणून घोडेगावने ती खरी धरली आणि उलट जुन्नरला सांगितलं, ओतूर ना, माझ्याकडून जवळ आहे! जुन्नरने स्वतःच्या अंगणातल्या ओतूरसाठी सगळं घोडेगावला धाडलं, घोडेगावने कळंबला, कळंबने पुन्हा जुन्नरला. गोल गोल.

मी लगेच कामाला लागलो. माझी पद्धत यादीची. जुन्नरकडच्या सगळ्या शाखांची यादी दोन्ही सीमेवरच्या पेट्यांत घालायची आणि सांगायचं, ही नावं जुन्नरला परत सांगू नका. आंबेगावच्या शाखांचीही तशीच उलटी यादी. दुपारचं जेवण न करता मी टाइप करत बसलो आणि ओतूर परत आलं. माझी यादी बरोबर होती, हे इथेच नोंदवून ठेवतो.

काळेसाहेब खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारणार एवढ्यात बाई म्हणाल्या, "पोखरकरभाऊ, उद्या नवी शाखा उघडली तर?"

"तिचं नाव यादीत घालायचं."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडे."

"अन् घालायचं ऱ्हाईलं म्हंजे?"

मी म्हणालो, "का राहील?" बाई हसल्या नाहीत. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "साहेब, हा आमच्या आईच्या साडीचा प्रकार हाय. एका दारानं आली, दुसऱ्या दारानं परत गेली. पोखरकरभाऊ म्हणत्यात, ट्रंकेतली एकूण एक साडी पाठ करू. साड्या पाठ कशाला करायच्या राव? दारातच दोरा बांधू."

आणि त्यांनी बांधला. मार्गाच्या बातमीला एक आकडा चिकटवता येतो, त्याला टॅग म्हणतात. जुन्नरकडची कुठलीही बातमी सीमा ओलांडून आंबेगावात येताना तिला वीस आकडा चिकटवायचा. आंबेगावची बातमी तिकडे जाताना तिला दहा. मग दोन्ही दारांना एकच हुकूम: वीस दिसलं की जुन्नरला सांगू नका, दहा दिसलं की आंबेगावला सांगू नका. शाखेचं नाव कुठलंही असो. माझ्या लांबलचक याद्या पुसून बाईंच्या त्या मोजक्या ओळी दोन्ही पेट्यांत जशाच्या तशा बसल्या, आणि चहा यायच्या आत काम झालं.

सगळ्यात झोंबलं ते हे, की टॅग मलाही माहीत होता. पुस्तकातलं ते पान मीही वाचलं होतं, खाली पेन्सिलीने रेघ मारली होती. बाईंनी तेच पान वाचलं होतं. पण त्यांनी साडी बघितली होती आणि मी साडीवर नुसता हसलो होतो.

सोमवारी शाखा चालल्या. मंगळवारी खुर्ची बाईंकडे गेली.

मी अभिनंदन केलं, हसून केलं, आणि घरी जाऊन बायकोवर भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून ओरडलो. मीठ बरोबर होतं. सुरेखा, माझी बायको, फक्त म्हणाली, "साबळेबाईंना मिळाली वाटतं." खुर्चीवर टॉवेल टाकायची पद्धत मी बाईंना मोठ्या मनाने सांगितली. त्यावर त्या म्हणाल्या, "कशाला? पाठ ओली हाय व्हय माझी?" ज्या टॉवेलची मी इतकी स्वप्नं पाहिली, तो त्यांना नकोच होता, आणि ते मला त्या खुर्चीपेक्षाही जास्त लागलं.

मग माझा दिवस आला. डिंभे धरणाजवळच्या आमच्या शाखेची लाइन रस्त्याच्या कामात खोदणाऱ्यांनी तोडली. लाइन तुटली, म्हणजे डिंभे आमच्या पडद्यावरून नाहीसं व्हायला हवं. पण पडदा म्हणत होता, डिंभे आहे, जुन्नरमार्गे आहे! मी डिंभ्याला फोन लावला. तिथला शाखाधिकारी वैतागलेला. "साहेब, हितं लाइन न्हाई, मशीन गप, एसटीचा पत्ता न्हाई. आमी मासं बघत बसलोय. अन् तुमी म्हणता आमी चालू हाय?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. बाईंचा दोरा तुटला होता! मी दार लावून शोधत बसलो आणि सापडलं. आंबेगावची बातमी दहा आकडा लावून जुन्नरकडे जात होती खरी, पण जुन्नरकडच्या पेट्या जुन्या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीवर होत्या. त्या आवृत्तीत बातमीला आकडा ठेवायला जागाच नव्हती. कळंबने बांधलेला दोरा जुन्नरमध्ये गळून पडत होता, आणि बिनदोऱ्याची डिंभ्याची शिळी बातमी घोडेगावच्या दाराने परत आंबेगावात येत होती. एरवी ते लपून राहत असे, कारण डिंभ्याची खरी वाट शाबूत असायची. खरी तुटली तेव्हा खोटी उघडी पडली.

मी हे बाईंना एकट्यांना सांगितलं नाही. मी सरळ काळेसाहेबांच्या खोलीत, सगळे जमलेले असताना, सांगितलं. अगदी सावकाश, शुद्ध भाषेत. आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

बाईंनी कपाळावर हात मारला. "बरोबर! कोपराच न्हाई त्या कापडाला, मी दोरा बांधतेय कुठं?" मग काळेसाहेबांकडे वळून, "साहेब, माझं चुकलं. पोखरकरभाऊंनी पकडलं. हे असंच्या असं लिवून घ्या, पोखरकरांनी पकडलं." त्यांनी जुन्नरकडच्या सगळ्या पेट्या त्याच आठवड्यात नव्या आवृत्तीवर नेल्या. पुढच्या संचालक सभेत पुन्हा माझं नाव. ऑडिटवाल्यांसमोर पुन्हा माझं नाव. चहावाला आला तरी, "हेंनीच डिंभ्याची चूक पकडली बरं का." मला त्यांना पाडायचं होतं आणि त्यांनी मला खांद्यावर घेतलं. अशा माणसाचं काय करायचं? मी त्या आठवड्यात एकदाही पोटभर जेवलो नाही.

नंतर आंबेगावकडे लोणीला नवी शाखा निघाली. माझ्या पद्धतीत दोन्ही पेट्यांत नाव घालावं लागलं असतं. बाईंच्या पद्धतीत काहीच करावं लागलं नाही. लोणीची बातमी दारातून जाताना आपोआप दहा आकडा लावून गेली. बाई उद्‌घाटनाला गेल्या, पेढे खाल्ले आणि येताना आमच्यासाठीही घेऊन आल्या. "लोणीचं हायत," म्हणत प्रत्येकाच्या हातावर ठेवले. मी पेढा खाल्ला. चांगला होता, तेही मला आवडलं नाही.

काही वर्षांनी बाईंना पुण्याला मोठ्या कंपनीत जागा मिळाली. पगार आमच्या काळेसाहेबांपेक्षा जास्त, असं लोक सांगत. मी अभिनंदन केलं, पुन्हा हसून. आणि मग काळेसाहेबांनी मला बोलावून सांगितलं की खुर्ची आता तुमची, साबळेबाईंनी तुमचं नाव सुचवलंय.

जिच्यासाठी इतकी वर्षं झुरलो ती खुर्ची मिळाली, आणि गोड लागेना. ही खुर्ची मला बँकेने दिली नव्हती. बाईंना ती नको झाली, म्हणून त्यांच्या ट्रंकेतून माझ्याकडे सरकली होती. फिरवलेला आहेर.

निरोपाच्या दिवशी उलटंच झालं. आम्ही त्यांना साडी दिली, आणि त्यांनीही प्रत्येकाला काहीतरी आणलं होतं. "जाणाऱ्यानं द्यायचं, ही माझ्या मामाची रीत," त्या म्हणाल्या. मला टॉवेल-टोपी. पांढरा टॉवेल, हिरव्या काठाचा. "खुर्चीवर टाका," म्हणाल्या, "तुमची लई हौस व्हती."

घरी येऊन मी पहिलं काय केलं असेल तर टॉवेलचे चारही कोपरे तपासले. दोरा नव्हता. म्हणजे बाजारातून माझ्यासाठी घेतलेला. पण माझं मन ते मान्य करायला तयार नव्हतं. घाईत बांधायचा राहिला असेल, कुठून तरी आलेलाच असेल, असं म्हणत मी तो कपाटात भिरकावला आणि मंचरच्या बाजारातून स्वतःचा टॉवेल आणून खुर्चीवर टाकला. महागातला.

बाईंना शेवटचं पाहिलं ते लोणीला, त्यांच्या धाकट्या दिराच्या लग्नात. आमंत्रण त्यांनी फोन करून दिलं होतं. मांडव भरलेला. बुद्धवंदना झाली, नवरा-नवरीवर फुलं पडली, जेवणाच्या पंगती बसायला लागल्या आणि लाऊडस्पीकरवर आहेर पुकारायला सुरुवात झाली. बाई पुण्यात राहूनही तशाच होत्या. नवरदेवाच्या शेजारी मांडी घालून बसलेल्या, समोर कापडांचा ढीग, मांडीवर ती डबी. येईल तो आहेर हातात घ्यायच्या, कोपरा बघायच्या आणि दोरा ओवायच्या.

"मंचरचे पोखरकर! नवरदेवाला टॉवेल-टोपी!"

मी सहज मान वर केली आणि हिरवा काठ दिसला. सुरेखाकडे बघितलं. ती म्हणाली, "कपाटात नुसताच पडला होता. कोरा होता म्हणून दिला." तिला बिचारीला काय माहीत. मी मांडवाच्या खांबाआड सरकलो.

बाईंनी टॉवेल हातात घेतला. एक कोपरा बघितला, दुसरा बघितला, चारही बघितले. मग मांडवभर नजर फिरवली. खांबाआडचा माणूस त्यांना लगेच सापडला. त्या उठल्या, टॉवेल आणि डबी घेऊन आल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"पोखरकरभाऊ, टॉवेल फिरला की वो."

"नजरचुकीनं झालं, बाई." मी म्हणालो.

"तुमचं न्हाई, माझं चुकलं. बाजारातनं आणलेल्याला मी दोरा बांधत न्हाई. वाटतं, ज्याला दिला तो ठेवंलच." त्यांनी डबी उघडली. निळा होता, पिवळा होता, आणि तळाशी लाल होता. तो मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी तो सुईत ओवला, कोपऱ्यात तीन-चार टाके घातले, गाठ मारली आणि दातांनी दोरा तोडला.

"ह्याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"फिरवायचा न्हाई. ज्याचा त्याच्यापाशी." टॉवेल त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. उठता उठता थांबल्या. "खुर्चीलाबी बांधायला पायजे व्हता. काळेसाहेब बाहेरचा माणूस घेणार व्हते. मी म्हणलं, डिंभ्याची चूक ज्यानं पकडली त्यालाच, नायतर मी जाणार न्हाई. तुमाला वाटलं आसंल, बाईनं उरलीसुरली दिली."

मला तेच वाटलं होतं.

त्या परत आपल्या जागी गेल्या. लाऊडस्पीकरवर पुढचं नाव पुकारलं गेलं, त्यांनी पुढचं कापड ओढून घेतलं, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं आणि कोपरा उलटून बघितला. नंतर माझी-त्यांची गाठ पडलेली नाही.

त्या दिवशी मला वाटलेला हेवा सगळ्या जुन्या हेव्यांपेक्षा मोठा होता. हे मला का सुचलं नाही, असं म्हणायचीसुद्धा सोय राहिली नव्हती. सुचलं असतं तरी मी केलं नसतं.

सोमवारी मी माझा महागाचा टॉवेल काढला आणि हिरव्या काठाचा खुर्चीच्या पाठीवर टाकला, लाल दोऱ्याचा कोपरा पुढे येईल असा. काळेसाहेब फाइल घेऊन आले, दारात थांबले.

"पोखरकर, टॉवेल बदलला? हा कुठला?"

"साबळेबाईंनी दिला," मी म्हणालो. आणि ते वळले तेव्हा त्यांना पुन्हा हाक मारून सांगितलं, "खुर्चीही त्यांनीच."